उन्हाच्या रिंगवरचा दत्ता

संध्याकाळचे साडेपाच. एका कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान, सिमेंटचं, मधोमध भेग गेलेली. पश्चिमेच्या रिंगमागे सूर्य टेकलेला. पूर्वेच्या रिंगखाली दहा-बारा जणांचा गलका, आणि पश्चिमेच्या रिंगखाली एकटा एक पोरगा. उंच, काटकुळा, शर्ट पँटीत खोचून बॉल मारणारा.

दत्ता सपकाळला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

खेळाच्या बातम्या करणाऱ्या माणसाकडे दोन ढीग साठतात. एक छापलेल्या बातम्यांचा. तो रद्दीत जातो. दुसरा न छापलेल्या किश्शांचा. तो कुठंच जात नाही, चहाला चार माणसं बसली की वर येतो. आमच्या पेपरात बास्केटबॉलची जागा म्हणजे क्रिकेटचा फोटो लावून खाली काही उरलंच तर ती. त्यामुळे माझा दुसरा ढीग फार मोठा आहे. त्यातला दत्ताचा भाग आज काढतो.

त्या मैदानाचा एक कायदा होता. कुणी लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पूर्वेची रिंग म्हणजे ‘सावलीची’, ती सीनियरांची. सावली तिथं काडीची नव्हती. ऊन पाठीवर यायचं, एवढंच. पश्चिमेची रिंग ‘उन्हाची’. तिच्याकडे बघितलं की सूर्य थेट डोळ्यांत. ती नव्या पोरांची. नवी पोरं महिनाभर तिथं भाजून निघायची आणि मग पुढची नवी पोरं आली की सावलीत सरकायची.

दत्ता सरकलाच नाही. त्याला कुणी ‘ये’ म्हटलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

कॅप्टन इम्रान, शेवटच्या वर्षाचा, जुन्या शहरातल्या शहागंजचा. मी त्याला म्हणालो, “अरे, त्या पोराला बोलाव की इकडे.”

इम्रान म्हणाला, “हौ साब, मगर वो वहींच खुश है. पूछो उसको.”

मी विचारलं. दत्ता म्हणाला, “काका, इथं बॉल सोताचा ऱ्हातो. तिकडं एका बॉलला बारा जणं!”

* * *

दत्ता अजिंठ्याजवळच्या एका वाडीचा. शहराच्या कडेला हर्सूलला खोली घेऊन राहायचा, सायकलनं कॉलेजला यायचा. घरी शेती, बरी, खाऊनपिऊन सुखी. पण धाकटी भावंडं शाळेत, आणि शेताला माणूस हवा. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, त्याला सरळ सांगितलं होतं, “कॉलेज हाय तोवर खेळ. खेळून पोट भरतंय असं दिसलं तर पुढं बी खेळ. नाय तर गुमान घरी ये. मी कायम वाट बघणार नाय.”

दत्ताला खेळायचंच होतं. हौसेला नाही, धंदा म्हणून. मोठ्या शहरांतले क्लब खेळाडूंना पगार देतात, हे त्याला इम्रानकडून कळलं होतं. तेव्हापासून तो पोरगा बसल्या जागी हसायचा.

आणि कॉलेजच्या संघात मात्र त्याचा नंबर नव्हता! कारण पुढे कळलं.

* * *

संघ निवडायचे वैद्य सर. तीस वर्षं शिट्टी फुंकून गाल फुगलेला, मनानं लोण्यासारखा माणूस. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की हा पोरगा बॉल सोडताना डोळे मिटतो.

“बघितलं का?” सर मला म्हणाले. “बिचाऱ्याला दिसत नाही. घरी कुणी लक्ष देत नसेल. मीच दाखवतो डॉक्टरला.”

शहरातच गारखेड्याला सरांच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर होते. सरांनी दत्ताला स्कूटरवर मागे बसवलं. त्याचे पाय रस्त्याला घासू नयेत म्हणून तो सगळा रस्ता गुडघे वर घेऊन बसला होता.

डॉक्टरांनी पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. दत्तानं सगळ्या ओळी वाचल्या आणि तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, “पोराचे डोळे उत्तम आहेत. सर, तुम्ही या जरा खुर्चीत.”

पेशंट घेऊन गेलेले सर चष्मा लावून परत आले!

दुसऱ्या दिवशी चष्मा घालून ते मैदानावर उभे राहिले. उन्हाच्या रिंगकडे बराच वेळ बघत होते. दत्ता बॉल सोडत होता, बॉल जाळीतून पडत होता. पुन्हा सोडत होता, पुन्हा पडत होता.

सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “अहो, हे सगळे आत जातात की हो!”

त्याच आठवड्यात दत्ता संघात आला.

डोळे का मिटतो, हे मग सरांनी त्याला विचारलं. दत्ता म्हणाला, “उन्हानं दिसतच नाय सर. मंग एकदा रिंग बघून घ्यायची अन् डोळं मिटायचं. रिंग कुठं पळून चाललीय?”

* * *

संघात आला, पण पायात स्लीपर. त्याच्या मापाचे बूट शहरात नव्हते. इम्राननं दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं विचारलं, “आदमी के वास्ते होना ना?”

शेवटी शहागंजातल्या एका दुकानाबाहेर जाहिरातीला टांगलेला राक्षसी मापाचा जोड दिसला. कितीतरी वर्षं तो तिथं लटकत होता. दुकानदार देईना. “वो बेचने का नक्को, वो दुकान की पहचान है!”

इम्रान म्हणाला, “चाचा, ये पोट्टा एक दिन बड़ा खेलेगा. फिर बोलना, उसके पैर में दुकान की पहचान है.”

चाचांनी काठीनं जोड खाली काढला. एक बूट गडद निळा होता आणि रस्त्याकडचा उन्हानं पार आकाशी झालेला. दत्ता तो जोड घालून मैदानावर आला तेव्हा सगळे हसले. मग त्यानं इम्रानच्या डोक्यावरून बॉल उचलून घेतला, आणि इम्रान सगळ्यांत जास्त हसला.

* * *

सकाळी दत्ता हर्सूल तलावाकडे पळायचा, बॉल बरोबर घेऊन. एकदा बॉल टणकन उडाला तो वाटेतल्या हर्सूल जेलच्या शेताच्या कुंपणापलीकडे! कॉलेजचा बॉल. दत्ता रडकुंडीला आलेला. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, “आत जाऊन आणायचा म्हणतो? जाणं सोपं हाय बाबा, येणं अवघड!”

दुसऱ्या दिवशी दत्ता त्याच वेळी तिथं जाऊन उभा राहिला. कुंपणापलीकडे कैदी शेतात कामाला होते. त्यांच्यातून बॉल हवेत उंच आला आणि बरोबर दत्ताच्या हातात पडला. कुणी टाकला दिसलं नाही. चिखल पुसलेला होता, जुन्या चामडी बॉलच्या उसवत आलेल्या शिवणीला दोऱ्याचे दोन टाके घातलेले होते.

दत्तानं मैदानावर सगळी हकीगत सांगितली. वैद्य सरांनी चष्मा वर सरकवून बॉल फिरवून पाहिला आणि म्हणाले, “चांगल्या वर्तणुकीबद्दल लवकर सुटला म्हणायचा!”

* * *

आण्णा एकदाच सामना बघायला आले. बाजारासाठी शहरात आले होते, तिथून पिशवीसकट मैदानावर. बापही लेकासारखाच उंच. माझ्याशेजारी पायरीवर बसले.

दत्ताचा तेव्हा मोठा दोष एकच. बॉल आला की दुसऱ्याला द्यायचा. सीनियरांच्या मध्ये आपण कसा मारायचा, ही भीड. वैद्य सर बाहेरून ओरडून ओरडून बसलेले.

आण्णा मात्र खूश. “बघा साहेब, कसा वाटून देतोय! आला की देतोय, आला की देतोय. घरी बी आसंच. भाकरीचा तुकडा आधी भावाला, मंग सोताला.”

मी म्हणालो, “आण्णा, ह्या खेळात थोडं स्वतःही घ्यावं लागतं. नाहीतर ह्याला कुठला क्लब पगार देणार?”

आण्णा गंभीर झाले. उठून रेषेपर्यंत गेले आणि शेतातल्या आवाजात ओरडले, “दत्ता! एखादा तू बी घे की रं!”

सगळं मैदान वळून बघायला लागलं. दत्ता लाजेनं लाल. हातात बॉल होता. जिथं होता तिथूनच, डोळे मिटून, त्यानं सोडला. रिंगला न लागता आत!

लोकांनी टाळ्या पिटल्या. आण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पुन्हा ओरडले, “हां! आता वाटून दे!”

* * *

ह्याच दत्ताला कॉलेजबाहेरच्या मोठ्या संघांच्या निवडीला कुणी विचारीना. आमच्याकडच्या पोरांचं हे नेहमीचंच. निवड समितीतला एक गृहस्थ, इस्त्रीचा सफारी, त्याला म्हणाला, “अजिंठ्याचा काय? मग लेण्यांत गाईड हो की! उंच आहेस, लांबून दिसशील.”

मी भांडायला उठलोच होतो. त्याआधी दत्ता शांतपणे म्हणाला, “लेणी बघाया जगातून लोकं येतात, साहेब. मला बघाया तुमी हितल्या हितं येत नाय.”

सफारीवाला हसला. शेवटच्या वर्षी दत्ताला विभागाच्या कॉलेज संघात घेतलं, तेही बारावा, म्हणजे बाकावरचा शेवटचा गडी म्हणून. एकही सामना न खेळता तो परत आला. खेळल्याचं प्रमाणपत्र हातात नाही, म्हणून खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी नाही. कॉलेज संपलं. आण्णांचा निरोप आला, “या पेरणीला ये.”

* * *

इम्रान तोवर पुण्याला नोकरीला लागला होता. त्यानं कळवलं, चेन्नईचा एक पगारी क्लब खुली चाचणी घेतोय, कुणीही जावं. दत्तानं आण्णांना सांगितलं, “तेवढी एक चाचणी देतो, नाय झालं तर पेरणीला मी हाय.” आण्णांनी होय म्हटलं आणि बरोबर दशम्या बांधून दिल्या.

चाचणीच्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे क्लबचे कोच. तोडकी हिंदी, खडा आवाज. आपल्याबद्दल विचारावं असा माणूस म्हणून दत्तानं माझा नंबर दिला होता.

“ये लड़का आँख बंद करके मारता है,” ते म्हणाले. “बीमारी है?”

मी म्हणालो, “नहीं जी. धूप है.”

त्यांना काही कळलं नसावं. पण बॉल आत जातो एवढं त्यांनी पाहिलं होतं. मग मूळ प्रश्न आला. “बोलता है, डिवीजन की टीम में था, मगर एक भी मैच नहीं खेला. और एक बात बोलता है, वो मैं मान नहीं सकता. आप वहाँ थे?”

होतो. जळगावला, विभागांच्या त्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्याला मी स्वतः होतो. जे पाहिलं ते त्यांना सांगितलं, तेच इथं सांगतो.

बास्केटबॉलमध्ये पाच फाऊल झाले की गडी बाहेर जातो आणि बाकावरचा आत येतो. त्या दिवशी आमच्या संघात दोघे तापानं फणफणून मुक्कामीच पडलेले. त्यात चिडून खेळल्यामुळे फाऊलवर फाऊल. एकेक गडी बाहेर गेला, बाकावरचा एकेक आत गेला. गुण बरोबरीत असताना, शेवटची काही मिनिटं उरली असताना, आणखी एक गडी बाहेर गेला. मैदानावर उरले चार. बाकावर उरला एक. दत्ता.

तो उभा राहिला. अंगातलं जाकीट काढून घडी करून बाकावर ठेवलं.

संघाचे मॅनेजरसाहेब म्हणाले, “बस खाली.”

पंचांनी येऊन विचारलं, “पाचवा?”

मॅनेजरसाहेब म्हणाले, “त्याला लागलंय.”

“मला?” दत्ता म्हणाला. “मला कुठं लागलंय सर?”

“बस म्हटलं ना!”

दत्ता बसला. चौघं पाचांविरुद्ध खेळले आणि एका बास्केटनं हरले. सामना संपल्यावर दत्तानं चौघांना पाण्याच्या बाटल्या नेऊन दिल्या. मी मॅनेजरसाहेबांना दारातच गाठलं. “साहेब, चारच का खेळवले?” ते म्हणाले, “तांत्रिक निर्णय आहे, तुम्हाला कळणार नाही.” मी हाच प्रश्न छापला. उत्तर आलं नाही. पुन्हा छापला. तरी नाही.

चेन्नईच्या कोचनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

“उसको चोट थी?”

“नहीं.”

“कुछ भी?”

“कुछ भी नहीं.”

फोनमध्ये त्यांच्या मागे बॉलचा आवाज येत होता, टप, टप. मग ते म्हणाले, “ठीक है. हमारे यहाँ पाँच खेलते हैं.” आणि फोन ठेवला.

त्या साली आण्णांनी पेरणीला गडी लावला. दत्ता अजून तिकडे खेळतो, पगार घेतो, सुरुवातीच्या पाचात उतरतो. मॅनेजरसाहेबही अजून संघ घेऊन गावोगाव जातात. गेल्या महिन्यात एका निवड चाचणीला पुन्हा दिसले, मी पुन्हा विचारलं.

दत्ताला त्या दिवशी कुठं लागलं होतं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.