दादाच्या गच्चीवरच्या शिंपल्या

दादाचा फोन आला आणि मी पुण्याहून हैदराबादचं तिकीट काढलं. आजारी वहिनीने कित्येक दिवसांनी काहीतरी खायला मागितलं होतं: माहेरी गोदाकाठी व्हायचं तसं शिंपल्यांचं कालवण. "गच्चीवरच्या मोठ्या झाल्यात. ये," तो म्हणाला.

सिकंदराबादहून मेट्रो सोयीची. अमीरपेटला बदलून थेट कुकटपल्ली. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिचा हात हातात घेतला तर बांगडी कोपरापर्यंत सरकली.

दादाने आधी गच्चीवर नेलं. माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने वाळूच्या टबात येतं, तिथल्या शिंपल्या ते गाळून घेतात, मग पुदिना-पालकाच्या मुळांतून ते परत माशांकडे. नळ्या सगळ्या प्लास्टिकच्या. तांब्याने शिंपल्या मरतात, असं दुकानदाराने त्याला बजावलं होतं. संध्याकाळी त्याने मोठ्या शिंपल्या वेचल्या आणि पोटातली वाळू सुटावी म्हणून रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवल्या.

सकाळी आम्ही मसाल्याला निघालो. कोठीला उतरलात तर जुन्या पुस्तकांच्या दुकानांशी थांबाच. मी हैदराबादलाच वाढले; माझी कॉन्व्हेंटची पुस्तकं इथूनच यायची आणि त्यांना खाकी कव्हरं घालायची वहिनी, तेव्हा नवी नवरी. इराण्याकडे चहा झाला, पण दादाने तो अर्धाच प्यायला. अफझलगंजला सुकं खोबरं घेताना दुकानदाराने विचारलं, मटण का? दादाने सांगितल्यावर तो हसला.

"सीपियां कौन खातें साब?"

"घर में एकीच है खानेवाली," दादा म्हणाला.

परतलो तेव्हा मोरीत वास होता. शिंपल्या उघड्या पडल्या होत्या, एकही मिटेना. त्या ठेवल्या होत्या आईच्या तांब्याच्या घंगाळात, चिंचेने लख्ख घासून. चांगलं पाणी म्हणजे तांब्यातलं, हे आईने आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. नळ्या घेताना तांबं दादाच्या लक्षात राहिलं. घंगाळ मात्र त्याला आईचंच वाटलं.

तो मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. वहिनीला मीच सांगितलं.

"टबात बारक्या आहेत ना?" ती म्हणाली. "वाढू द्या त्यांना. ह्यांना जेवायला घाल आधी."

बारक्यांना मोठं व्हायला वर्ष तरी लागेल. डॉक्टर काय म्हणालेत, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. खोबरं कागदातच राहिलं. रात्री मी वरण-भात केला. वहिनीने दोन घास घेतले, तेही मी केला म्हणून.

हैदराबादला कसं जावं, काय खावं, असं तुम्ही मला नेहमी विचारता. यावेळी सांगण्यासारखं एवढंच आहे. पुण्यात आल्यापासून मी रोज फोन करते. वहिनीने आज काही मागितलं का, विचारते.

"बारक्या वाढतायत," दादा म्हणतो.