शीतलची शेवटची जर्सी

मंडळी, माझी धाकटी बहीण शीतल भारताच्या रग्बी संघाची कॅप्टन होती. दहा वर्षं खेळून निवृत्त झाली आणि आज सकाळी सुरतला घरी आली.

आबा इथल्याच पांडेसरा भागातल्या मिलमध्ये कापड तपासतात. लेकीला लागलेलं बघवत नाही म्हणून त्यांनी तिची एकही मॅच पाहिली नाही. आज तिने जर्सी हातात दिली, तर त्यांनी सवयीने ती खिडकीच्या उजेडात धरली.

"खांद्यावर कापड विरलंय. कशानं गं?"

"समोरच्यांना खांद्यानंच रेटायचं असतं, आबा."

आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दुखतं का?"

कायम "काही नाही होत" म्हणणारी शीतल म्हणाली, "हो. खूप."

मी तिची प्रत्येक मॅच पाहिलीय. मला हे विचारायचं कधीच कसं सुचलं नाही?