काचेबाहेरचा पेंटर

"तू बाहेरच थांब रे पेंटर. एसीत वास कोंडतो."

मकरंदने हे खुर्चीतून न उठता सांगितलं. हातात माझे कागद होते. मी चपला काढून कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभा होतो. आत तिघेचौघे बसलेले. एकजण हसला. बाकीचे पडद्याकडे बघत राहिले. मी चपला परत घातल्या.

माजिवड्याला एका इंडस्ट्रियल गाळ्यात आमची कंपनी होती. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केलेला. नेमणूक 'स्क्रीन डिझायनर' म्हणून झाली होती, पण तो शब्द कुणी कधी वापरला नाही. मकरंद मुख्य प्रोग्रॅमर. डोंबिवलीचा, इंजिनिअर, घरात तीन पिढ्या शिकलेल्या. त्याने पहिल्या आठवड्यात मला पेंटर म्हटलं आणि मग सगळ्यांनीच.

त्या दिवसानंतर मकरंदने काचेच्या पार्टिशनला एक फट पाडून घेतली. तिकिटाच्या खिडकीसारखी. मी ग्राफपेपरवर स्क्रीन काढायचो, कुठे नाव, कुठे वय, कुठलं बटण काय करणार, आणि कागद फटीतून आत सरकवायचो. संध्याकाळी तोच कागद मकरंदच्या लाल रेघा घेऊन बाहेर यायचा. 'होणार नाही.' का होणार नाही ते लिहिलेलं नसायचं. मी काढलेली स्क्रीन यंत्रावर कशी दिसते हे मला कधी दिसलं नाही. शिंप्याने कपडा शिवावा आणि अंगावर बघू नये, तसं.

मी दोनदा आंघोळ करायला लागलो. नोकरीच्या दिवशी मासे खाणं सोडलं. आई म्हणाली, "काय रं, म्हावरा नको? बरा नाय का तुला?" तिला काय सांगणार. वास अंगाला नव्हताच. वास माझ्या पत्त्याला होता.

मग कल्याणच्या एका खासगी इस्पितळाचं काम आलं. केसपेपरचा प्रोग्रॅम. तिथे बसून पेशंटची नावं भरणारी मुलगी सुनंदा. ठाकुर्लीच्या रेल्वे चाळीत राहायची. वडील वारलेले, घर तिच्या पगारावर. ती कसं काम करते ते बघायला प्रोग्रॅमर गेले नाहीत. मला पाठवलं.

ती म्हणाली, "दादा, मी पडद्याकडे बघतच नाही. समोर पेशंट विव्हळत असतो, मागून दुसरा ओरडत असतो. बोटं आपली आपण चालतात. चुकून काही पुसलं जाणार नाही ना?"

मी म्हणालो, "नाही. पुसायच्या आधी प्रोग्रॅम तुम्हाला विचारेल."

मी तसं काढलंही. दिवसभराच्या नोंदी साठवायचं बटण आणि त्या पुसायचं बटण लांब लांब. पुसायचं दाबलं तर पडद्यावर प्रश्न: नक्की पुसायचं का? कागद फटीतून गेला. आतून मकरंदचा आवाज आला, "दर वेळी विचारत बसायला ही काय लग्नाची बोलणी आहेत?" सगळे हसले, आत उभे असलेले कंपनीचे मालकही. प्रश्न खोडला. बटणं शेजारी शेजारी आली, कारण त्याला तसं सोपं पडत होतं.

मला हे कळलं होतं. सुनंदाला सांगायला हवं होतं. कल्याण काही लांब नाही. मी गेलो नाही. म्हटलं, आपल्याला कोण विचारतो.

महिन्याभरातच एका सोमवारी, गर्दीच्या वेळी, तिचं बोट शेजारच्या बटणावर पडलं. सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी गेल्या. पेशंट रांगेत, डॉक्टर खोळंबलेले, बोंबाबोंब.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, मकरंद, आणि बॅग धरायला मी. इस्पितळाचे मॅनेजर टेबलामागे. सुनंदा भिंतीला टेकून उभी.

मकरंद म्हणाला, "प्रोग्रॅममध्ये दोष नाही. ऑपरेटरने बघून बटण दाबायला हवं होतं."

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. "दादा, तुम्ही म्हणालेलात ना, आधी विचारेल म्हणून?"

सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडायच्या आत साहेब हसून म्हणाले, "अहो, हा आमचा पेंटर. याला प्रोग्रॅममधलं काय कळतंय!"

माझा याहून मोठा अपमान कधी झाला नाही. आणि खरं सांगायचं तर, त्याच क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मला कळत नाही म्हटल्यावर मला बोलायची गरज उरली नाही. त्या अपमानाच्या आडोशाला मी लपलो. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. मी बॅगेचा पट्टा नीट करत राहिलो.

तिला त्याच दिवशी काढलं.

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. नीच मानतात म्हणून मी झुरत होतो, आणि तेच नीचपण वेळेला ढाल म्हणून वापरून मोकळा झालो होतो. म्हणजे ते जे म्हणत होते ते मी मान्यच केलं होतं.

पुढच्या कामाचे कागद तयार झाले. फटीतून हात बाहेर आला. "दे रे पेंटर."

मी दिले नाहीत. चपला काढल्या, दार उघडलं, स्टूल ओढलं आणि मकरंदच्या शेजारी बसलो.

"अरे, काय हे? वास..."

"येऊ दे. कोळ्याचा आहे मी. आज बोंबील खाऊन आलोय."

साहेब धावत आले. "बाहेर ये आधी."

"नाही साहेब. मी काढलेलं यापुढे माझ्यासमोर बनेल. जे होत नाही ते का होत नाही, ते हा मला तोंडाने सांगेल. नाहीतर दुसरा पेंटर शोधा."

काम अंगावर होतं. साहेब परत फिरले. मकरंदने खुर्ची जरा पलीकडे सरकवली आणि टाईप करायला लागला. पुढे अनेक वर्षं आम्ही तसेच शेजारी बसलो. कामं चांगली झाली. मैत्री झाली नाही. मला तिची गरजही वाटली नाही.

पण मी स्टुलावर बसलो तेव्हा सुनंदा घरी बसलेली होती. ते मला कशानेही पुसता येत नाही. ठाकुर्लीला शोधायला गेलो होतो, उशिरा, फार उशिरा. त्या चाळीत तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

परवा मकरंदचा फोन आला. जुन्या लोकांचा मेळावा आहे ठाण्याला, स्मरणिका काढतायत. "लिही रे काहीतरी. डिझायनर आणि प्रोग्रॅमर आपण कसे घरच्यासारखे काम करायचो, ते. नव्या पोरांना सांग."

हेच लिहिलं आहे. आता थकलो आहे, पुन्हा सुधारून लिहिणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही, ते कागद तेव्हाच फाडले गेले. मी जिवंत आहे एवढाच पुरावा. सुनंदाची चूक नव्हती. चूक प्रोग्रॅममध्ये होती, ती मकरंदला, साहेबांना आणि मला माहीत होती. छापायचं तर हे सगळं छापा. नाही छापलं तर मी मेळाव्याला येणार आहे, आणि माईक दिला नाही तरी माझा आवाज अजून खणखणीत आहे.