हलेल त्याला तेल

खडेबाजारातल्या जुन्या सायकलवाल्याकडे ती परदेशी टूरिंग सायकल पाहिली आणि माझा जीव जडला. सडपातळ सांगाडा, मागे-पुढे सामानाचे कॅरियर, खाली वळलेलं हँडल. वयाने माझ्याहून थोरली. घरी आणल्यावर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, तिच्याभोवती एक फेरी मारली.

"खालच्या शिंगाचं जनावर घ्याचं नस्तंय," म्हणाले आणि मोबाईल बघत बसले.

मला तेवढ्यानंही बरं वाटलं. वडगावातले आमचे माग विकल्यापासून आप्पा बोलेनासेच झाले होते. जन्मभर साड्या विणलेल्या माणसाला रिकामे हात सोसत नाहीत. ते दिवसच्या दिवस असे बसून राहिले तर त्यांचं काय होणार, याची आईला आणि मला धास्ती होती.

मग एका रविवारी बघतो तर काय, आप्पा सायकलीपुढे उकिडवे! चेन डिझेलमध्ये धुतलेली, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस. चाक फिरवून ते एकेक तार बोटाने चाचपत होते, ढिली लागली की आवळत होते. तोंडाने गाणं चालू. आईने स्वयंपाकघरातून मला गप्प राहायची खूण केली.

"जा, उचगावपतोर फिरून ये," संध्याकाळी आप्पांनी फर्मावलं.

गेलो. वाटेतल्या उतारावर ब्रेक दाबले, तर सायकल ऐकेना. आणखी दाबले, ती आणखी पळाली. शेवटी देवाचं नाव घेऊन हँडल वळवलं आणि रताळ्याच्या वावरात आडवा झालो. तिथे काम करणारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय वो अण्णा, रताळी न्यायला आलतासा व्हय?"

खरचटलं तेवढंच. रिमला बोट लावलं, तर तेलकट! मागावर नियम एकच, हलेल त्याला तेल. आप्पांनी रिमला आणि ब्रेकच्या रबरांनाही मायेनं तेल पाजलं होतं.

घरी माझा गुडघा बघून आप्पांनी काय ते ओळखलं. तेलाची झारी फळीवर ठेवली, हात धुतले. "माझं काम न्हवं ते." पुन्हा मोबाईल. गुडघ्यापेक्षा मला तेच जास्त लागलं. मी चाकाचं विचारलं, ब्रेकचं विचारलं. उत्तर नुसतं "हूं". आई जेवताना डोळे पुसायची, आणि मला त्या सायकलीचा संताप यायचा.

आठवडाभराने सकाळी अंगणात पेट्रोलचा वास आला. आप्पा रिम पुसत होते, एक चिंधी काळी झाली की दुसरी. नवी रबरंही त्यांनी स्वतःच आणली होती.

"चल त्या उताराला," म्हणाले. "तू स्कूटर घे."

उताराच्या माथ्यावर त्यांनी विजारीचे पाय मोज्यात खोचले आणि मी नको-नको म्हणेपर्यंत निघालेसुद्धा. माझा जीव टांगणीला. निम्म्यात ब्रेक दाबले, सायकल थांबली. सोडले, पुन्हा दाबले, पुन्हा थांबली. वावरापाशी पाय टेकून ते माझी वाट बघत उभे राहिले.

मी स्कूटर जवळ नेली. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता.

"पुढं आनि एक उतार हाय म्हनत्यात," आप्पा म्हणाले. "त्योबी बघून येतो. तू जा घरला. तुझ्या आईला सांग, जेवान झाकून ठेव."