माझी केस त्यांनी लिहिली

"चपला खाली काढ आणि वर ये."

माझ्या बापाला असं सांगितलं. माइकवरून. जळगावच्या एका एसी हॉलमध्ये, भरल्या सभेत.

स्टेजवरच्या सगळ्यांच्या पायात बूट होते. निवेदकाच्या पायातही होते. बापाने पायरीशी चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या आणि अनवाणी वर गेला. नरडाण्याच्या गोदामात पोती उचलणारा माणूस. पाठीवर क्विंटलचं पोतं असतानाही ताठ चालतो. त्या गालिच्यावर मात्र तो असा चालला, जसं काही पायाखाली कुणाचं तरी अंथरूण होतं.

मी आधीच वर उभी होते. हातात हार. हार नानांना घालायचा होता. नाना म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मालक. त्यांच्या ट्रस्टने माझी फी भरली होती. दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला 'दत्तक विद्यार्थी' स्टेजवर आणायचे. त्या वर्षी त्यात मी होते.

निवेदक कागदावरून वाचायला लागला.

"ही मुलगी शिंदखेडा तालुक्यातल्या एका भिलाटीतून, भिल्ल वस्तीतून आली आहे. हिच्या घरी आजही रोज चूल पेटत नाही. व्यसनाच्या अंधारात बुडालेल्या वस्तीतून ही पणती..."

सभागृहात कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मला स्पष्ट ऐकू आलं.

मी बापाकडे बघितलं. तो समोर बघत होता. त्याने आयुष्यात बिडीसुद्धा ओढलेली नाही.

मग नाना उठले. बापाच्या खांद्यावर शाल टाकली. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा वाका. नानांचे पाय धरा. हां, असंच थांबा."

बाप वाकला. थांबला. फोटो झाला.

मी रडले. लोकांना वाटलं, कृतज्ञतेने.

परतीच्या पॅसेंजरमध्ये बाप खिडकीशी बसला होता. शाल घडी करून मांडीवर. अमळनेर गेलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आपली चूल कव्हय नही पेटनी वं?"

आपली चूल कधी पेटली नव्हती, असं तो विचारत होता.

"तूच सांगं का त्यासले?"

मीच सांगितलं का, हे तो विचारत होता. उत्तर हो पण होतं आणि नाही पण. ते त्याला कसं समजवायचं, मला कळेना. नरडाणा आलं, आम्ही उतरलो.

घरी माय मिरचीची देठं खुडून आली होती. दोंडाईच्याच्या मिरचीचं काम असलं की तिच्या हातांची इतकी आग होते, की भाकरी थापताना ती पाण्यात हात बुडवून बुडवून थापते. तिने बापाकडून सगळं ऐकून घेतलं. मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "शिकाले गयी ना तू? मंग आपलं दुखनं बठ्ठासले कसाले दखाडं?"

सगळ्यांना कशाला दाखवलंस. मी दाखवलं नव्हतं. मी एकीला सांगितलं होतं.

त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. धुळ्याच्या ज्या कॉलेजात मी बीएसडब्ल्यूला होते, तिथे त्या केसवर्क शिकवायच्या. समाजकार्यात केसवर्क म्हणजे एकेका माणसाशी बोलून, त्याचं दुःख समजून घेऊन, त्याला त्याच्या पायावर उभं करणं. मॅडम शिकवायच्या फार छान. त्यांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही त्याची ठेव असते.

प्रवेश घेताना ऑफिसातला क्लार्क म्हणाला होता, "स्कॉलरशिप येईल तेव्हा येईल. आधी फी भर."

मी म्हटलं, "आदिवासींना फी माफ असते ना?"

"कायदा मला शिकवू नको. पुढची मुलगी या."

मी रांगेतून बाजूला झाले. आमच्या भिलाटीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. विचारायचं कुणाला? तेव्हा मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाणी दिलं. पंखा लावला. घरचं विचारलं. इतक्या मायेने कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगत गेले. मी सहावीत असताना माय आजारी पडली होती, बाप तिच्यापाशी धुळ्याला दवाखान्यात होता, तेव्हा आम्ही भावंडं काही दिवस काकूकडे जेवलो. हे सांगताना डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "काळजी करू नको. मी बघते."

त्यांनी बघितलं. माझी केस लिहून नानांच्या ट्रस्टकडे पाठवली. काकूकडचं ते जेवण त्यांनी आमच्या घरातली कायमची उपासमार करून टाकलं. बापाचं व्यसन कुठून आणलं, ते त्यांनाच ठाऊक. भिलाटी म्हटल्यावर ते आलंच, असं वाटलं असेल.

पुढच्या आठवड्यात धुळ्यात कॉलेजच्या चौकात फ्लेक्स लागला. नाना मोठे. मी लहान, कोपऱ्यात. खाली अक्षरं, 'उपेक्षितांच्या जीवनात प्रकाश'. मी रोज त्या फ्लेक्सखालून कॉलेजात जायचे. वर्गातला एक मुलगा म्हणाला, "प्रकाश आली रे." सगळे हसले. मीही हसले. मी हसले नसते, तर ते आणखी हसले असते.

ते उरलेलं वर्ष माझं असंच गेलं. कॅन्टीनमध्ये चहा घेतला तर वाटायचं, कुणी म्हणेल, हिला चहा परवडतो. नवीन ड्रेस घातला नाही. मावशीने शिवून दिला होता, तो ट्रंकेत ठेवला. गरीब दिसणं हे माझं काम झालं होतं. त्याचाच पगार मिळत होता मला.

दुसऱ्या वर्षी फील्डवर्कसाठी माझी नेमणूक पिंपळनेरकडच्या एका आश्रमशाळेत झाली. बारावीची मुलं होती. त्यांना पुढच्या शिक्षणाच्या शिष्यवृत्तीची माहिती द्यायची, कागदपत्रं जमवायला मदत करायची. तिथल्या अधीक्षिकेला सगळे अक्का म्हणायचे. अक्कांनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवलं. "आधी तू नीट समजून घे. मग पोरांना सांग."

आणि त्यांनी सांगितलं. या मुलांची शिकवणी फी सरकार कॉलेजला देतं. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने ती मुलांकडून मागायचीच नसते. मुलाने ऑनलाइन अर्ज करायचा, कॉलेजने तो तपासून पुढे पाठवायचा. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवणासाठी वेगळी योजना आहे. ट्रस्ट, दानशूर माणसं देतात ती मदत वेगळी. ती त्यांची मर्जी. ही मर्जी नाही.

मी विचारलं, "अक्का, आणि कॉलेज म्हणालं की आधी भरा, तर?"

"लेखी द्या म्हणायचं. कोणी देत नाही लेखी."

त्या दुपारी मी मुलांसमोर उभी राहून हे सगळं सांगितलं. एका मुलीने हात वर केला. "ताई, तुम्हाला पण अशीच मिळाली का?"

मी हो म्हटलं. 

धुळ्याला परत आल्याबरोबर ऑफिसात गेले. क्लार्क तोच. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचं काय झालं, विचारलं. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं आणि सहज सांगितलं, "तुझा अर्ज आम्ही पुढे पाठवलाच नाही. तुला स्पॉन्सर मिळालाय ना? मग डबल कशाला?"

सहज. टेबलावरची धूळ पुसावी तसं.

म्हणजे जे माझं होतं, ते यांनी थांबवलं. आणि त्या जागी जे दिलं, त्यासाठी माझ्या बापाला वाकवलं.

मी बाहेर येऊन जिन्यावर बसले.   इतके दिवस मला स्वतःची लाज वाटत होती. त्या जिन्यावर पहिल्यांदा वाटलं की ही लाज माझी नाहीच. कुणीतरी माझ्या घरात आणून ठेवलीय, आणि मी ती सांभाळत बसलेय.

तरी लगेच काही केलं नाही मी. खोटं कशाला सांगू? भीती होती. फील्डवर्कचे मार्क मॅडमच्या हातात. काही दिवस नुसती फिरत राहिले. वर्ग, लायब्ररी, बस स्टँड, परत वर्ग. कुठे बसवेना.

मग नानांचा वाढदिवस जवळ आला. मॅडमनी बोलावलं. केबिनमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी बसली होती. रमिला. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आदिवासी मुलगी. तिच्यापुढे पाण्याचा ग्लास होता. पंखा लावलेला होता.

मॅडम मला म्हणाल्या, "बस. तुझं आपण मागच्या वर्षीचंच घेऊ. छान झालं होतं, लोकांना फार भिडलं. वडिलांना घेऊन ये." मग रमिलाकडे वळल्या. पेन उघडलं.

"वडील दारू पितात?"

"नाही मॅडम."

"कधीच नाही?"

"नाही."

"सणावाराला वगैरे? घेतच असतील ना थोडी."

रमिला खाली बघायला लागली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. आता तिचा बाप या टेबलावर दारुडा होणार, हे मला दिसत होतं. एक ओळ. तेवढीच लागते.

"मॅडम, ती नाही म्हणाली."

आवाज माझाच होता.

मॅडमनी चष्मा काढला. "काय?"

"ती नाही म्हणाली. तुम्ही नाही लिहा."

"तू मला केस घ्यायला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलं मॅडम. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ठेव असते म्हणून. माझी ठेव तुम्ही जळगावला माइकवरून वाटली. माझा बाप येणार नाही. मीपण येणार नाही. आणि माझा अर्ज पुढे पाठवा. पाठवणार नसाल तर लेखी द्या."

मॅडमचा चेहरा लाल झाला. ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "उपकार कळायलाही संस्कार लागतात."

रमिला उठली. पाण्याला हात न लावता माझ्याबरोबर बाहेर आली. जिन्यात म्हणाली, "ताई, माझा बाप बासरी वाजवतो. हे त्यांनी विचारलंच नाही."

त्या संध्याकाळी बापाला फोन केला. सगळं सांगितलं. मार्क जातील, ट्रस्टचा पैसा जाईल, कदाचित वर्षही जाईल. मागून ट्रक रिव्हर्स घेतल्याचा आवाज येत होता. बाप म्हणाला, "जे व्हई ते व्हई. मी शे ना." तो आहे, एवढं मला पुरलं.

जे व्हायचं ते झालं. ट्रस्टने नाव काढलं. कॉलेजने फीची नोटीस दिली. परीक्षा आली तेव्हा माझं हॉल तिकीट अडवलं, रमिलाचंही. आम्ही दोघींनी वर्गावर्गांत जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की अर्ज अडकलेली मुलं आणखी आहेत. कुणाच्या बापाने बैल विकला होता, कुणी सोडून जायच्या बेतात होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं. सगळे मिळून आदिवासी विकासच्या कार्यालयात गेलो. अर्ज दिला, पोच घेतली. तीच पोच घेऊन प्राचार्यांच्या दारात बसलो. प्राचार्य म्हणाले, "बाहेर का गेलात? आपल्या घरातली गोष्ट होती."

मी म्हटलं, "सर, घर असतं तर हॉल तिकीट अडवलं नसतं."

पेपरच्या आदल्या दिवशी हॉल तिकिटं मिळाली. अर्जही पुढे गेले. माफी कुणी मागितली नाही. माझे फील्डवर्कचे मार्क पासापुरते पडले. फर्स्ट क्लास गेला, आणि त्यामुळे एमएसडब्ल्यूला जिथे जायचं होतं, तिथे माझा नंबर लागला नाही. एक वर्ष नरडाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला उभी राहिले. मग दुसरीकडे प्रवेश घेतला. सरकारी शिष्यवृत्तीवर. पदवी घेतली. कुणाला हार घातला नाही.

आज मी पगारी समाजकार्यकर्ती आहे. माणसांशी बोलते, त्यांचं ऐकते, लिहिते. लिहिलेलं त्यांनाच आधी वाचून दाखवते. ते म्हणाले हे काढा, तर काढते. वरिष्ठ चिडतात. म्हणतात, रिपोर्टमध्ये जोर येत नाही. न येवो.

परवा मॅडमचा फोन आला. इतक्या वर्षांनी. आवाजात तीच माया. नानांच्या 'दत्तक विद्यार्थी' योजनेचा मोठा कार्यक्रम आहे. "तू आमची यशोगाथा आहेस. ये. मुलांना प्रेरणा मिळेल."

मी विचारलं, "या वर्षीच्या मुलांचे अर्ज पुढे पाठवले का?"

त्या म्हणाल्या, "तुझा कडवटपणा अजून गेला नाही."

"नाही गेला. आणि घालवणारही नाही."

फोन ठेवला. तेव्हापासून मी स्वस्थ नाही. कारण तो हॉल या वर्षीही भरणार आहे. कुणीतरी मुलगी हार घेऊन उभी राहणार आहे, आणि तिला अजून वाटत असणार की चूक तिचीच आहे.

प्रवेश सुरू झाले की मी रजा टाकणार आहे. कॉलेजच्या गेटबाहेर, रस्त्यावर उभी राहणार. रस्ता कुणाच्या ट्रस्टचा नाही. रमिला शिरपूरहून येते म्हणालीय. आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला थांबवून सांगणार, तुझं काय आहे आणि ते कुणाकडे अडकू शकतं. हाकललं तर पलीकडच्या फुटपाथवर जाऊ. पोलीस बोलावले तर त्यांनाही समजावून सांगू, त्यांचीही पोरं शिकत असतील.

या गोष्टीत मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. एका रमिलाचं घेतलं, तेही तिला विचारून. पुढच्या वेळी पुन्हा एखाद्या बापाला वाकवलं, तर नावासकट सांगेन. माइकवरून.