लपलेलं मूळ

दातांच्या दवाखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. आधी थोरल्या डॉक्टरांच्या आणि आता त्यांच्या मुलाच्या हाताखाली मिळून तिची सव्वीस वर्षं तिथे गेली होती. हत्यारं उकळणं, एक्स-रे काढणं, घाबरलेल्या पेशंटचा हात धरणं, सगळं तिच्याकडे.

एका गवंड्याच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल दोन महिन्यांपूर्वी झालं होतं, पण ठणका जाईना. दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मावशीने एक्स-रे खिडकीशी धरून सांगितलं, "डॉक्टर, मागच्या मुळाला दोन कडा दिसतायत. त्याच्याआड अजून एक मूळ असेल. यंत्र तिरकं धरून फोटो काढू या."

"मावशी, तुम्ही ट्रे लावा."

तिसऱ्यांदा गवंडी गाल धरून आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काम चोख झालंय. दुखणं तुमच्या डोक्यात आहे. तरी हवं तर दाढ काढून टाकतो."

"काढा," गवंडी मान खाली घालून म्हणाला. "तीन आठवडे धड जेवलो नाही."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चिमट्याचा ट्रे उचलून पाठीमागे धरला.

"अरे, चांगली दाढ उपटतोस? वर त्यालाच वेडा ठरवतोस?" डॉक्टरांना 'अरे' म्हटल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. "आधी फोटो काढ. काही निघालं नाही तर उद्यापासून मी येत नाही!"

फोटो निघाला. मागच्या मुळाआड, जिभेच्या बाजूला, आकड्यासारखं वाकलेलं तिसरं मूळ स्पष्ट दिसलं. त्याच्या नळीला कुणी हातही लावला नव्हता. आत पू साचला होता. त्या वळणातून बारीक सुई उतरवून नळी साफ करायला डॉक्टरांना दीड तास लागला.

"असं मूळ फार थोड्यांना असतं," हातमोजे काढत ते म्हणाले. "मला शंका होतीच."

बधिर तोंडाने गवंडी बोलला, "शंका होती, तर दुखणं माझ्या डोक्यात आहे असं कशाला म्हणालात?"

डॉक्टर त्याच्या केसपेपरवर लिहू लागले. गवंडी मावशीला हात जोडून निघून गेला.

आठवड्याने त्याचा निरोप आला, ठणका गेला, दोन्ही बाजूंनी जेवतोय. तो ऐकून डॉक्टर हळूच म्हणाले, "मावशी, चुकलंच माझं."

"मला कशाला सांगता? दुखत होतं त्याला!" तिने गवंड्याचा केसपेपर त्यांच्यापुढे आपटला, नंबरावर बोट ठेवलं आणि त्यांनी फोन उचलेपर्यंत तिथून हलली नाही.