पाढ्यांवर पास झालेली चाचणी

नव्वदच्या दशकात अंबरनाथच्या एमआयडीसीत, बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रोग्रामर होते. काम ऐकायला भारी होतं. चार कॉम्प्युटर केबलने जोडायचे आणि एकच मोठं गणित चौघांत वाटून सोडवायचं. वाटणी करणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, सी भाषेतली, गणितं फोर्ट्रान नावाच्या जुन्या भाषेतली. मधला दुवा मी लिहायचा. म्हणजे दुभाषीपणाच, आणि तोही एकमेकींचं तोंड बघायला तयार नसलेल्या दोघींचा.

फोर्ट्रानचा प्रोग्राम डिझाइन खात्यातल्या सरांचा होता. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. वीस वर्षं आमचा प्रत्येक बॉयलर त्याच प्रोग्रामच्या उत्तरांवर बेतला गेला होता.

तो माझ्या दुव्यातून चालवला की उत्तरं वेगळीच यायची. दोन महिने मी डोकं आपटत होते. आधी उल्हासनगरहून आणलेल्या कनेक्टरांवर खापर फोडलं. दुकानदाराशी भांडायलाही गेले. त्याने "लो मॅडम" म्हणत सगळे बदलून दिले. उत्तरं तशीच. मग व्होल्टेजला शिव्या घालून झाल्या. उरला सरांचा प्रोग्राम. दुवा तपासायला मी स्वतः बनवलेली चाचणी तर दर वेळी पास होत होती. मॅनेजरसमोर मी ठणकावून सांगितलं, की जुन्या प्रोग्राममध्येच चूक आहे, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही एवढंच.

सर "असेल" म्हणाले. पुढचे तीन शुक्रवार, म्हणजे आमच्या सुट्टीचे दिवस, ते जुन्या फायली घरी नेऊन एकेका बॉयलरचं गणित हाताने करत बसले. माझं काम अडलं म्हणून मी चडफडत होते.

चौथ्या आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर आलेखाचा कागद ठेवला. तीन ओळी, तीन स्तंभ, सुबक अक्षरात सोडवलेलं छोटं गणित.

"मला माझी चूक सापडत नाहीये. तू बघतेस का?"

मी वैतागूनच ते आकडे माझ्या दुव्यातून चालवले. उत्तर आलं, ते आडव्याचं उभं झालेलं. सी तक्ता ओळीओळीने साठवते, फोर्ट्रान स्तंभास्तंभाने. मधे तो फिरवून द्यायचा असतो आणि मी फिरवलाच नव्हता. मग माझी चाचणी पास कशी होत होती? नजरेने तपासायला सोपा म्हणून मी तिला एक ते दहाच्या पाढ्यांचा तक्ता दिला होता. सात आठे छप्पन्न, आठ साते छप्पन्न. तो आडवा वाचा की उभा, सारखाच. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली.

मी तशीच उठून त्यांच्या केबिनमध्ये गेले. चूक माझी आहे, तुमचा प्रोग्राम पहिल्यापासून बरोबर होता, मॅनेजरनाही आत्ताच सांगते, असं सगळं एका दमात बोलून टाकलं.

"म्हणजे आपले बॉयलर ठीक आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो सर. सगळे."

ते खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

"त्यांच्याशेजारी माणसं उभी असतात गं," ते म्हणाले. "महिनाभर मला घास गिळवत नव्हता."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.